गादीखालची थंडी आणि कॅनव्हासची ओल
पॉप-अप कॅम्परमध्ये (गाडीमागे ओढायचा, उघडला की कॅनव्हासच्या भिंतींचा तंबू होणारा ट्रेलर) थंडीसाठी कॅनव्हासला आतून चंदेरी बबल-फॉइल लावलं की भागतं, असं काही जण म्हणतात. वाऱ्यापुरतं पटतं. पण पॉप-अपचे बेड बाहेर अधांतरी असतात, खाली नुसतं प्लायवूड, त्यामुळे थंडी पाठीतून शिरते. ऑक्टोबरात कोलोरॅडोत गादीखाली जाड फोम घातला, तेव्हा कुठे लेकीला झोप लागली.

आणि धुराड्याशिवायचा प्रोपेन हीटर आत लावू नका, कळकळीने सांगते. कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर आहेच, शिवाय एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाणी वाफ होऊन आतच राहतं. आम्ही पहिल्या रात्री तो लावला होता. पहाटे फॉइल उचललं तर मागचा कॅनव्हास निथळत होता, गादीची कड चिंब. धूर बाहेर टाकणारी फर्नेसच वापरा, तरीही खिडकीची चेन दोन बोटं उघडी ठेवा.