एकाच इंजिनाची छोटी विमानं नक्की कशामुळे पडतात? (मुलगी शिकते आहे, माहिती हवी)

गॅरेजवाला_फलटण

नमस्कार मंडळी. इथं मी बहुतेक वाचायलाच येतो, लिहायची ही दुसरी वेळ. धागा चुकीच्या विभागात आला असेल तर संपादकांनी हलवावा.

फलटणजवळ माझं गॅरेज आहे. सत्तावीस वर्षं दुचाक्यांची आणि ट्रॅक्टरची इंजिनं उघडतोय. धाकटी मुलगी आमच्याच भागातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये कमर्शियल पायलटचं शिकते आहे. २०० तास लागतात, तिचे ३८ झालेत. सोलो (एकटीनं उडवणं) झाला, पेढे वाटून झाले. विमान सेसना १५२, दोन माणसांचं.

माझी पंचाईत अशी की मी इंजिनवाला आहे. इंजिन बंद पडतं हे मला कुणी सांगायला नको, त्याच्यावरच घर चाललंय. गाडी बंद पडली की गिऱ्हाईक ती बाजूला लावतं, चहा सांगतं आणि मला फोन करतं. वर काय करायचं? २०२२ च्या जुलैत इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या रानात शिकाऊ विमान पडलं होतं. चालवणारी मुलगीच होती, वाचली ती. तेव्हा आमच्या घरी फॉर्म भरायची बोलणी चालली होती. हिच्या आईनं तो पेपर अजून कपाटात घडी करून ठेवलाय.

एकदा स्कूलमध्ये जाऊन विमान बघून आलो. चार सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन आणि चक्क कार्बोरेटर! तो बघून पोटात गोळाच आला. पोरीला विचारलं तर म्हणते, "बाबा, काही होत नाही." हे काय उत्तर झालं?

तर जाणकारांनी सांगावं, असली विमानं खरोखर कशानं पडतात? धीर देऊ नका, कारणं द्या.

ता.क. तिच्या सरावाच्या भागातच आमची वस्ती येते. परवा तिला म्हटलं, एकदा घरावरून खाली येऊन चक्कर मार, आजी गच्चीवर उभी राहील. म्हातारीची भीती तरी जाईल.

तेलकट_हात

मिस्त्री, रामराम. मी विमानांच्या देखभालीतून निवृत्त झालोय, म्हणजे आपण एकाच जातीचे. इंजिनाचं मी सांगतो, उडवण्याचं उडवणारे सांगतील.

ते इंजिन लायकमिंगचं ओ-२३५. दीडशे वर्षं जुनं वाटेल इतकं साधं, आणि तेच त्याचं बळ. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, आणि दोन स्वतंत्र मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीची वीज स्वतःच तयार करणारी यंत्रं. बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहते. उड्डाणाआधी तुमची पोर इंजिन १७०० आरपीएमवर नेते आणि एकेक मॅग्नेटो बंद करून बघते. आरपीएम १२५ च्या वर पडला किंवा दोघांत ५० पेक्षा जास्त फरक दिसला तर विमान परत. तुमच्याकडे येणाऱ्या किती गिऱ्हाइकांनी किक मारायच्या आधी प्लग तपासलाय?

क्रँक तुटणं, व्हॉल्व्ह अडकणं हे होतं, नाही असं नाही. पण इंजिन "बंद पडलं" म्हणून नोंद होते त्यातली बरीच इंजिनं धडधाकट असतात. त्यांना इंधन मिळालेलं नसतं. पेट्रोल संपलं, किंवा टाकीत होतं पण इंजिनापर्यंत आलं नाही, किंवा पेट्रोलऐवजी पाणी आलं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर गेलं की पाणी आत उतरतं आणि तळाला बसतं. हे तुम्ही दुचाकीत दर जूनमध्ये बघत असाल. म्हणून विमानात रोज सकाळी तळातून नमुना काढायचा. अ‍ॅवगॅस (विमानाचं पेट्रोल) निळसर असतं, खाली बिनरंगी थेंब दिसला तर तो पाण्याचा. आणि काट्यावर विश्वास नाही, पंखावर चढून टाकीत काठी बुडवून बघायची. पंखावर चढायचा कंटाळा हे अपघाताचं अगदी खरं कारण आहे.

आता कार्बोरेटर. तुमच्या पोटातला गोळा बरोबर जागी आलाय. पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना तापमान वीस अंशांहूनही जास्त घसरू शकतं. म्हणजे बाहेर छान वीस-बावीस अंश, हवा दमट, आणि आत गळ्यात बर्फ. इंजिन हळूहळू दम सोडतं. सगळ्यात जास्त धोका थ्रॉटल मिटवून खाली येताना. उपाय म्हणजे एक खटका, सायलेन्सरच्या उष्णतेवर तापलेली हवा आत घ्यायची. गंमत अशी की बर्फ असेल तर खटका ओढल्यावर इंजिन आधी आणखी खोकतं, कारण वितळलेलं पाणी गिळतं. नवशिका घाबरून खटका परत आत ढकलतो, आणि तिथंच फसतो. पोरीला हे विचारा. तिला आलं पाहिजे.

आणखी एक, हे आमच्या लोकांच्या पदरातलं. शेडमधून काम होऊन आलेल्या विमानाचं पहिलं उड्डाण जास्त डोळे उघडे ठेवून करायचं. राहिलेला बोळा, न आवळलेला नट. इंजिनवाल्यांची चूक इंजिनवाल्यांनीच सांगितलेली बरी.

ओहायोकर

गेली अकरा वर्षं इथं हौसेखातर सेसना १७२ उडवतो. तेलकट_हात यांच्या प्रतिसादाला +१, वाचनखूण साठवली.

काका, तुमच्या मनात असं चित्र दिसतंय की इंजिन थांबलं म्हणजे विमान दगडासारखं खाली. तसं नाही होत. ते तरंगत येतं. हजार फुटांवरून साधारण अडीच किलोमीटर. तुमच्या भागात ऊस सोडून मोकळी रानं कमी नाहीत. प्रशिक्षक तर शिकवताना मुद्दाम थ्रॉटल मिटवतात आणि विचारतात, सांग, कुठे उतरशील?

इंजिन बंद पडून जीव जातो तो पुष्कळदा पुढच्या दहा सेकंदांत माणूस जे करतो त्यानं. उड्डाण घेतल्यावर पाचशे फुटांच्या आत इंजिन गेलं, तर समोर जे रान असेल त्यात उतरायचं, थोडं डावी-उजवीकडे. पण मागे धावपट्टी दिसत असते. पाय घराकडेच ओढतात. वळायला जावं तर उंची संपते, वेग संपतो आणि पंख हवा सोडतो, म्हणजे विमान उचलून धरेनासा होतो. वावरात पोटावर घसरलेल्या विमानातून माणसं चालत बाहेर येतात. वळताना सुटलेल्या विमानातून फार कमी.

अमेरिकेतले आकडे वर्षानुवर्षं ढोबळमानाने तेच सांगतात, अशा विमानांच्या अपघातांत चारातले तीन चालवणाऱ्याच्या चुकीचे. इंधनाचंच घ्या. गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरीच्या समुद्रात पडला. एका टाकीवरून दुसरीवर जायची कळ त्या विमानात त्याच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती, ती फिरवायला मागे वळावं लागायचं. तिथंच घात झाला. (१५२ मध्ये ती भानगड नाही, नुसतं चालू-बंद आहे.)

मला विचाराल तर सगळ्यात वाईट कारण ढग. उघड्या हवेत नजरेनं उडवणारा माणूस ढगात शिरला की कान, म्हणजे कानातली तोलाची जाणीव, खोटं बोलायला लागतात. विमान वळतंय आणि शरीर म्हणतं सरळ आहे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात २० जणांवर प्रयोग झाला होता. ढगासारखी परिस्थिती दिल्यावर विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. केनेडींचा मुलगा १९९९ च्या जुलैत असाच गेला, रात्र, समुद्र आणि धुरकट हवा. विमान धड होतं.

भटक्या_विमुक्त

एवढी भीती वाटते तर बँकेच्या परीक्षेला बसवायचं ना!

ओहायोकर

वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा काका.

गॅरेजवाला_फलटण

दोघांचे आभार. काल रात्री पोरीला फोन करून कार्बोरेटरचं विचारलं. खोकणार, तरी खटका तसाच ओढून ठेवायचा, असं धडाधड म्हणाली. मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण माझं इंजिन ती माझ्याआधी शिकली.

एक शंका. एप्रिलमध्ये ती म्हणत होती की दुपारी विमान "चढत नाही". ते इंजिनाचं काम निघालंय का?

तेलकट_हात

इंजिनाचं नाही, हवेचं. तुमच्या भागात जमीन समुद्रापासून साधारण दोन हजार फूट. पारा चाळीसवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला वाटतं आपण साडेपाच हजार फुटांवरून निघालोय. पंखाला कमी धरायला मिळतं, पंख्यालाही, इंजिनालाही. दोन वजनदार माणसं आणि भरलेल्या टाक्या असतील तर धावपट्टी आखूड वाटायला लागते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे उडतात.

दुपारची_थर्मल

मी शिकवते. वरचं सगळं बरोबर आहे, पण कुणीच काकांचा ता.क. वाचलेला दिसत नाही.

काका, रागावू नका. तुमच्या अख्ख्या पोस्टमधली सगळ्यात धोक्याची गोष्ट इंजिन नाही, ती शेवटची ओळ आहे.

घरावरून खाली येऊन चक्कर, म्हणजे काय होतं ते सांगते. मुलगी गच्ची शोधायला खाली बघते. आजी दिसली की ती नजरेतून जाऊ नये म्हणून वळण आवळते. विमान साठ अंश कललं की त्यातल्या प्रत्येकाचं वजन दुप्पट होतं, आणि सरळ उडताना जो पंख पंचेचाळीस नॉटला हवा सोडतो तो चौसष्टलाच सोडतो. वेग बघायला डोळे आत नसतात, ते गच्चीवर असतात. एक पंख आधी सुटतो आणि विमान गिरकी घेतं. १५२ ची एक गिरकी आणि त्यातून बाहेर येणं याला हजार फूट तरी धरायचे असतात. ती असते तीनशेवर. अलास्कात लोक मूस नावाच्या मोठ्या सांबरासारख्या जनावराभोवती असेच घिरट्या घालत पडतात, तिथं या प्रकाराला त्या जनावराचंच नाव पडलंय. शिवाय वस्तीवरून विजेच्या तारा. खांब दिसतात वरून, तार दिसत नाही.

वस्तीवरून जवळच्या उंच अडथळ्याच्याही हजार फूट वर राहायचं असा नियम आहे, तो याचसाठी. नियम तिला पाठ असणार. पण वडिलांनी सांगितलंय, आजी उभी आहे, हे तिच्या कोणत्याच चेकलिस्टमध्ये नसतं. माझ्याकडची मुलं वाऱ्यात उतरताना उसळतात, पुढचं चाक आपटतात, धावपट्टीवरून बाजूला जातात. अपघात मोजले तर हेच भरपूर, पण त्यात लोखंड वाकतं, माणूस बहुधा वाचतो. मला झोप लागत नाही ती सोलोवर गेलेलं पोर कुणाच्या तरी घरावर जाईल म्हणून.

हाच दाब इतर वेळीही असतो. "दिवाळीला पोचशील ना?" "आज तास पुरे होतील ना?" आकाश काळं असलं की या प्रश्नांचं उत्तर "नाही" असं देता आलं पाहिजे, आणि घरच्यांनी ते ऐकून घेतलं पाहिजे.

गॅरेजवाला_फलटण

ताई, रागावत नाही. पोस्ट वाचून गॅरेजचं शटर ओढलं आणि आधी फोन केला. आजीचं रद्द म्हणालो. ती गप्पच झाली. मग म्हणाली, "बाबा, मी सरांना विचारलं होतं. ते नाही म्हणाले. तुम्हाला कसं सांगू हे कळत नव्हतं."

आता आजीला काय सांगायचं ते बघतो. ती रोज संध्याकाळी गच्चीवर जाते.

दुपारची_थर्मल

आजींना एक दिवस स्कूलला आणा. कुंपणाबाहेरून लँडिंग दिसतं. सकाळी सातच्या आत या, वारा शांत असतो.