सांदण दरीत शनिवार-रविवारी माणसं मोजून सोडावीत का?

घाटवाट: माझ्या मते सोडावीत. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळची ही कातळातली भेग काही ठिकाणी जेमतेम दोन माणसं शेजारी मावतील एवढीच रुंद आहे, आणि दोन्ही अंगांना शेकडो फुटी कडे. हिवाळ्यातल्या सुट्ट्यांना पाण्याच्या डोहापाशीच रांग तुंबते. दरीच्या तोंडावर तंबू, चुली, उघड्यावर शौच, आणि तेच पाणी खाली वाहतं. १९८६ पासून हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. अभयारण्यात असं चालू द्यायचं?

अकोलेकर: दादा, घाण आम्हालाही नको. पण मर्यादा घातली की पहिली झळ आम्हालाच बसते. इथं भात नि नाचणी, तेही पावसाच्या भरवशावर. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात अडली, पाणी गेलं संगमनेर-श्रीरामपूरच्या उसाला. आमची माणसं नारायणगावला मजुरीला जायची, अजून जातात. पिठलं-भाकरी, वाटाड्याचं काम, मे-जूनमध्ये काजवे बघायला येणारी माणसं, एवढ्यावर पोरं गावात टिकलीत. तंबू, आचारी, लीडर सगळं शहरातून घेऊन येणाऱ्यांना आधी अडवा.

दोरखंड: मी दोर लावायचं काम करतो, म्हणून सुरक्षेचं बोलतो. पुढे दोराने उतरायचे टप्पे आहेत, तिथं एका वेळी एकच माणूस उतरतो. वर पन्नास जण खोळंबलेले असले की कुणाच्या तरी पायाखालून दगड सुटतोच, आणि खालच्याला बाजूला व्हायला जागा नसते. उशीर झाला तर परतीची करोली घाटाची चढण अंधारात. घाटवाट यांच्याशी मी शंभर टक्के सहमत.

रानवारा: मला हे पटत नाही. आज मर्यादा, उद्या ऑनलाइन बुकिंग, परवा महागडं तिकीट. मग कॉलेजची पोरं एसटीने येऊन डोंगर कसे बघणार? पावसाळ्यात दरीत उतरू नये, एवढा नियम नीट पाळला तरी खूप.

घाटवाट: पावसाळ्यातल्या बंदीने जानेवारीतला दगड थांबत नाही. तिकीट महाग नकोच. आकडा गावाने ठरवावा, नोंद साम्रदमध्येच व्हावी, प्रत्येक गटाबरोबर गावचा वाटाड्या सक्तीचा. तंबू गावाच्या शेतात, दरीच्या तोंडावर एकही नाही.

अकोलेकर: नोंदवही गावाच्या हातात राहणार असेल तर मी तयार आहे. ती बाहेरच्या ठेकेदाराकडे गेली, तर माझा विरोध कायम.

रानवारा: वाटाड्याची सक्ती फक्त पूर्ण दरी उतरणाऱ्यांना ठेवा. डोहापर्यंत जाऊन परतणाऱ्या कुटुंबांना कशाला?

दोरखंड: कारण पहिला निसरडा कातळ डोहाच्या अलीकडेच आहे.