चौथीच्या मुलांना नपुंसकलिंग कसे शिकवावे?

प्रश्न (मराठीच्या शिक्षिका, कुर्ला)
मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीला मराठी शिकवते. २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाल्यामुळे वर्गात घरी हिंदी बोलणारी मुले बरीच आहेत. लिंगाची व्याख्या सर्वांना घडाघडा म्हणता येते, मात्र वहीत ‘माझी पुस्तक हरवली’, ‘घर मोठा आहे’ अशी वाक्ये सर्रास सापडतात. व्याख्येचा सराव वाढवावा, की दुसरे काही करावे?

उत्तर (निवृत्त शिक्षक, दादर)
बाई, व्याख्या तूर्त बाजूला ठेवा. हिंदीत लिंगे दोनच असल्यामुळे तिसऱ्याची या मुलांच्या कानाला सवय नाही, आणि ‘किताब’ स्त्रीलिंगी म्हणून पुस्तकही त्यांच्या लेखी ‘ती’ होते. नाम कधीही सुटे शिकवू नये. ‘तो फलाट, ती लोकल, ते स्टेशन’ असे फळ्यावर लिहून लगेच ‘फलाट आला, लोकल आली, स्टेशन आले’ असे वदवून घ्यावे. मुंबईच्या मुलांना हे शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. मग ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळे खाल्ले’ घ्यावे. क्रियापद येथे खाणाऱ्याप्रमाणे नव्हे, तर खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते. हिंदीतही ‘रोटी खाई’ असेच होत असल्याने मुलांना ते नवे नसते, गाडी अडते ती केवळ ‘खाल्ले’पाशी.

उत्तर (शिक्षिका, मालाड)
सरांशी सहमत आहे, परंतु अनेकवचनाची घाई करू नका. ‘तो मुलगा, ते मुलगे’, ‘ती मुलगी, त्या मुली’, ‘ते मूल, ती मुले’ हे एकाच तासाला शिकवले, तर ‘ते’ आणि ‘ती’ दोन-दोन ठिकाणी आलेले पाहून हुशार मुलेही गोंधळतात. शिवाय ‘ते सर’ हे आदरार्थी रूप आहेच. एकवचन पक्के होईपर्यंत मी पुढे जात नाही. व्याख्या मात्र अजिबात सोडू नये, कारण चाचणीत लिंग ओळखायला सांगतात.

प्रश्नकर्ती
धन्यवाद. ‘पेन’चे काय करावे? वर्गात निम्मी मुले ‘तो’ म्हणतात, निम्मी ‘ते’.

उत्तर (निवृत्त शिक्षक, दादर)
दोन्ही चालवून घ्या. मात्र ‘तो पेन’ लिहिणाऱ्याने पुढे ‘हरवले’ लिहिले, तर तेथे लाल शाई वापरा.