डॉल्फिन काटे, दोफीन काटे की नुसतेच काटे?

सुरूबन
रत्नागिरीत जुन्या घड्याळांचं छोटं प्रदर्शन मांडायचंय. प्रत्येक घड्याळाखाली मराठी पट्टी, आणि तीत काट्यांच्या घाटासाठी जागा जेमतेम दोन शब्दांची. पहिलीच अडचण 'दोफीन' घाटाची. लांबट त्रिकोणी काटा, मधोमध उभी कड, त्यामुळे अर्धा भाग चकाकतो आणि अर्धा काळा दिसतो. 1950च्या दशकातल्या मनगटी घड्याळांवर हा फार. जुनी घड्याळं विकणारे सर्रास 'डॉल्फिन काटे' लिहितात. तसंच ठेवू? पानाच्या, इस्पिकच्या, तलवारीच्या आणि ब्रेगे घाटालाही नावं हवीत. शिवाय मजकूर तपासणाऱ्यांनी सगळीकडे 'काटा' खोडून 'दर्शक' केलंय: तासदर्शक, मिनिटदर्शक.

खाडीपलीकडे
'दर्शक' आधी काढा. दर्शक टीव्हीसमोर बसतो. काटा म्हणजे कंटक, तोच तराजूला, तोच घड्याळाला. कानडीत घड्याळाच्या काट्याला 'मुळ्ळु', तमिळमध्ये 'मुळ्', दोन्हींचा अर्थ बाभळीला असतो तोच काटा. हिंदीवाले सुई म्हणतात.

शब्दशः
मार्गदर्शक, दिनदर्शिका यांतला दर्शक टीव्हीसमोर बसतो का? दाखवणारा हा अर्थ शुद्ध आहे. प्रदर्शनाची भाषा बाजारापेक्षा एक पायरी वर असायला हरकत नाही.

वेंगुर्लेकर
आमच्याकडे माशाचो काटो आनी घड्याळाचो काटो, शब्द येकच. दर्शक म्हटलात तर कोणाक कळूचा नाय.

चावीवाला
डॉल्फिनबद्दल. फ्रेंचमध्ये 'दोफँ' म्हणजे डॉल्फिनच. तोच शब्द फ्रान्सच्या युवराजाची पदवी झाला आणि 'दोफीन' हे त्याचं स्त्रीलिंगी रूप. म्हणजे विक्रेत्यांनी अज्ञानातून लिहिलं तरी मुळापाशी पोचले. फक्त काट्यात डॉल्फिन शोधू नका, नाही सापडणार. पट्टीवर 'दोफीन काटे' लिहा.

तपासणाऱ्यांसाठी एक कामाची सूचना. 'लहान काटा, मोठा काटा' मात्र टाळा. सहाच्या जागी सेकंदाची वेगळी चकती असली की सगळ्यांत लहान काटा सेकंदाचा होतो आणि वाचणारा गोंधळतो. तासकाटा, मिनिटकाटा, सेकंदकाटा लिहिलं की वाद मिटतो.

खाडीपलीकडे
एककाटी घड्याळ असेल तर 'तासकाटा' म्हणायचीही गरज नाही. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने 1675 मध्ये घड्याळाच्या डुलत्या चक्राला केसासारखी स्प्रिंग लावली, तोवर खिशातलं घड्याळ दिवसाला इतकं मागेपुढे व्हायचं की मिनिटं दाखवण्यात अर्थ नव्हता. मिनिटकाटा रुळला तो त्यानंतर. त्या काळच्या इंग्रजी घड्याळांत तासकाट्याला भुंगेऱ्यासारखी शिंगं आणि मिनिटकाटा साधी सळई. असं घड्याळ असलं तर 'भुंगेरा-सळई' लिहा, दोन शब्दांत बसतं.

सुरूबन
असं एकही नाही. तलवारीचं सांगा. तो काटा बुडाशी अरुंद, टोकाकडे रुंद होत जातो आणि शेवटी एकदम निमुळता. आपली तलवार अशी नसते.

चावीवाला
'खांडा' लिहा. खांड्याचं पातं टोकाकडे रुंदावतंच. पानाला 'आंबापान': मधे किंचित फुगीर, दोन्हीकडे निमुळतं, बरोबर बसतं. ब्रेगेच्या काट्यात टोकाजवळ पोकळ गोल असतो आणि त्याचं भोक मध्यापासून सरकवलेलं, म्हणून चंद्रकोर दिसते. हा घाट 1783 च्या सुमाराचा. फ्रेंच त्याला सफरचंद म्हणतात, आपण 'कोरकाटा' म्हणू.

शब्दशः
ब्रेगे हे एका घड्याळजीचं नाव. विशेषनामाचं भाषांतर करत नाहीत.

वेंगुर्लेकर
मग ट्यूडर कंपनीच्या त्या 1969 पासूनच्या 'स्नोफ्लेक' काट्याचं काय? 'हिमकण' लिहिणार? टोकाकडे चौकोन तिरका उभा केलाय, बस. पत्त्यातली चौकट. एक इस्पिक काटा, एक चौकट काटा, कोकणातल्या कुठल्याही पोराला समजेल.

खाडीपलीकडे
इस्पिक पोर्तुगीज असावा असं मला वाटतं. त्यांच्या पत्त्यांत या रंगाला 'एस्पादा' म्हणतात, आणि एस्पादा म्हणजे तलवार! म्हणजे इस्पिक काटा आणि खांडा काटा एकाच घरचे.

शब्दशः
'एस्पादा'तून शेवटचा 'क' कुठून आणलात? आवाज जुळला म्हणजे व्युत्पत्ती होत नाही.

खाडीपलीकडे
गोव्याच्या कोंकणीत 'दोन वरां' म्हणजे दोन वाजले. ते 'वर' पोर्तुगीज 'ओरा'चं, म्हणजे तासाचं. घड्याळाच्या बाबतीत समुद्रावरून आलेले शब्द आपल्याला नवे नाहीत.

शब्दशः
'वर'मुळे 'क' सिद्ध होत नाही.

सुरूबन
इस्पिक ठेवते. आता निळे काटे. 'निळ्या रंगाचे' लिहिलं तर रंगवलेले वाटतात.

चावीवाला
आणि वाटू नयेत, कारण खरे निळे काटे तापवलेले असतात. पोलादाचा काटा आधी आरशासारखा चकचकीत करायचा, मग तेलाचा आणि बोटाचा अंशही राहू नये इतका स्वच्छ. पितळेच्या चुऱ्यावर ठेवून खालून स्पिरिटच्या दिव्याची आच. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि साधारण 290 ते 300 अंश सेल्सियसला गर्द निळा. तिथून लगेच उचलायचा. क्षणभर जास्त राहिला की फिका राखाडी होतो आणि परत पॉलिशपासून सुरुवात. बोटाचा ठसा राहिला असेल तर तिथे डाग उमटतो. चुरा अशासाठी की आच काट्याच्या बुडाला आणि टोकाला सारखी लागावी. नाहीतर टोक आधी निळं होतं, बूड जांभळंच राहतं.

'ताव दिलेला निळा' लिहा. लोहाराच्या भट्टीतला ताव सगळ्यांना माहीत आहे.

वेंगुर्लेकर
हा निळा थर पातळ असतो, गंजापासून फारसा वाचवत नाही, हेही पट्टीवर लिहा. किनाऱ्यावर काच बसवण्याच्या जागेतून नाहीतर चावीच्या नळीतून खारी हवा शिरते आणि निळ्या काट्यावर आधी तांबूस ठिपके येतात. गंजाची भुकटी डायलवर आणि तिथून चाकांत पडते. प्रदर्शनाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि त्या गुलाबी झाल्या की बदला.

सुरूबन
काही काट्यांवर पिवळट भुसभुशीत लेप आहे. पट्टीवर 'रेडियमचे काटे' लिहिलंय. चालेल?

चावीवाला
इथे शब्दापेक्षा जीव महत्त्वाचा. आपण मोटारीच्या मागच्या चकाकणाऱ्या पट्टीलाही रेडियम म्हणतो, त्यात रेडियम औषधालासुद्धा नसतं. पण 1960 च्या दशकापर्यंतच्या घड्याळाच्या काट्यावर खरं रेडियम असू शकतं. अंधारात चमकत नाही म्हणून ते निर्धोक समजू नका. चमकणारं झिंक सल्फाइड थकलेलं असतं. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं, ते तसंच आहे. खरवडू नका, फुंकर मारू नका, घड्याळ उघडू नका. नंतरच्या घड्याळांत ट्रिटियम आलं, 1990 च्या दशकापासून स्ट्रॉन्शियमचा लेप, ज्यात किरणोत्सर्ग नाहीच. माहिती नसेल तर 'चमकते काटे' एवढंच लिहा.

शब्दशः
'स्वयंप्रकाशी' म्हणा. हा शब्द आधीपासून आहे.

खाडीपलीकडे
स्ट्रॉन्शियमचा लेप आधी उजेड खातो, मग देतो. स्वयं कुठे?

सुरूबन
एक घड्याळ चालतं आणि दर वेळी सव्वातीनच्या आसपास थांबतं. 'चालू स्थितीत' लिहू का?

चावीवाला
3 वाजून 16 मिनिटांनी तासकाटा आणि मिनिटकाटा एकावर एक येतात. बारा तासांत असं अकरा वेळा होतं, साधारण दर साडेपासष्ट मिनिटांनी. 4:22, 5:27 लाही अडतंय का पाहा. अडत असेल तर यंत्र ठीक आहे, मिनिटकाटा वाकून तासकाट्याला घासतोय. बाजूने भिंगातून पाहिलं की कळेल: तिन्ही काटे डायलला समांतर हवेत, मधे फट दिसली पाहिजे, आणि सेकंदकाटा काचेला लागता कामा नये. फक्त सव्वातीनलाच थांबत असेल तर दोष चाकांत शोधा.

काटे काढायचे असतील तर डायलवर चीर दिलेला प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून मगच. परत बसवताना तारीखवालं घड्याळ असेल तर तारीख बदलेपर्यंत चावी फिरवा, तिथे तासकाटा बरोबर बारावर, मग मिनिटकाटा बारावर, आणि सहा वाजता दोन्ही सरळ रेषेत येतात का ते तपासा. माप जुळल्याशिवाय दुसऱ्याचा काटा दाबू नका. ईटीए 2824 या स्विस यंत्राला तासकाट्याचं भोक 1.50 मिलिमीटर, मिनिटाचं 0.90, सेकंदाचं 0.25. सेकंदाची नळी थोडी तिरकी दाबली गेली तरी धुरी मोडते.

सुरूबन
शेवटचं एक: भिंतीवरचं एककाटी घड्याळ, वर 'भरती', खाली 'ओहोटी'. काट्याला काय म्हणू?

वेंगुर्लेकर
भरतीकाटा. एक फेरा सुमारे 12 तास 25 मिनिटांचा. आपल्या 'तिथीच्या पाऊणपट'चं यंत्र समजा: अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाला पूर्ण भरती.

शब्दशः
मग पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, आणि लोक बारा सांगतात. तिथीला 48 मिनिटं धरायला हवीत, म्हणजे चार पंचमांश.

वेंगुर्लेकर
होडीत बसून चार पंचमांश कोण करतो? आणि सगळ्या किनाऱ्याला एकच वेळ नसते. मालवणला अलिबागच्या आधी भरती येते.

चावीवाला
म्हणून ते घड्याळ अमावास्येला किंवा पौर्णिमेला, त्या गावच्या पूर्ण भरतीच्या वेळीच लावायचं. भांगाला लावलं तर पुढचे दिवस बरंच चुकत राहतं.

शब्दशः
पट्टीवर 'भांग' लिहिणार असाल तर कंसात 'लहान भरती' द्या. घाटावरचे लोक वेगळंच समजतील.