शोल्डर प्रेस ३० किलोवरच का अडला असावा?

प्रश्न
गेले आठ महिने मी आठवड्यातून तीन दिवस वजनांचा व्यायाम करतो. ठरलेले सेट (न थांबता वजन उचलण्याच्या फेऱ्या) पूर्ण झाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे, हा एकच नियम मी पाळत आलो. त्याच नियमाने स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन मारायची बैठक) ८० किलोपर्यंत गेला; शोल्डर प्रेस (बार खांद्यांपासून डोक्यावर ढकलणे) मात्र सहा आठवडे ३० किलोवरच आहे. ३० किलोचे आठ रेप्सचे (सलग आठ वेळा उचलण्याचे) तीन सेट होतात, पण ३२.५ किलो लावले की पाचव्या रेपला बार कपाळाशीच थांबतो. माझे काय चुकते आहे?

उत्तर १
नियम एकच असला तरी दोन्हीकडची वाढ सारखी नाही. ८० किलोवर अडीच किलो म्हणजे जेमतेम तीन टक्के, तर ३० किलोवर तेच अडीच किलो आठ टक्क्यांहून अधिक होतात. शिवाय हे ओझे मांड्यांवर आणि नितंबांवर नव्हे, तर खांदे आणि दंडामागच्या लहान स्नायूंवर पडते. म्हणून ३० किलोवरच राहून आठाचे नऊ, नवाचे दहा असे करत तिन्ही सेटमध्ये बारा रेप्स होऊ द्या. त्यानंतर ३२.५ किलो लावून पुन्हा आठपासून सुरुवात करा. अर्ध्या किलोच्या प्लेट मिळाल्या, तर एकेका किलोनेही चढता येईल.

उत्तर २
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, मात्र प्रत्येक सेट शेवटच्या दमापर्यंत ओढू नये. अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांसाठी वाढत्या वजनांची पद्धत १९४५ मध्ये मांडली, तेव्हा ते सात ते दहा सेट करून घेत; १९४८ मध्ये सहकारी वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी ते तिनावर आणले आणि दहा रेप्सच्या कमाल वजनाच्या अनुक्रमे ५०, ७५ व १०० टक्के असा क्रम ठेवला. पूर्ण ताकदीचा सेट एकच! रोज वाढत्या वासराला उचलणाऱ्या मिलो या प्राचीन ग्रीक मल्लाची गोष्ट सगळे सांगतात, पण पहिल्या काही आठवड्यांतली झपाट्याची वाढ बरीचशी मज्जासंस्था सरावल्यामुळे होते, आणि पुढे तो वेग टिकत नाही, हे फारसे कोणी सांगत नाही.

उत्तर ३
मला शंका प्रेसची नाही, स्क्वॉटची आहे. वजन वाढत असताना बैठक उथळ होत गेली असेल, तर वहीत आकडा चढतो आणि काम तेवढेच राहते. एकदा बाजूने चित्रण करून पाहावे.

प्रश्नकर्ता
आज चित्रण केले. ७० किलोपर्यंत मांड्या जमिनीला समांतर येतात. ८० किलोला बैठक त्याच्या बरीच वर थांबते. स्क्वॉट ७० वर परत आणतो आहे. प्रेसमध्ये आज ३० किलोचे नऊ, नऊ आणि आठ रेप्स झाले.