'ग्रेप'ला मराठीत काय म्हणाल?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात दिवसातून दहादा ऐकू येतं, "भावा, ग्रेप मार की!" नव्या अकाउंटंटला वाटलं, तासगावची द्राक्षं मागवायचं चाललंय. ढीगभर फायलींतून हवा तो मजकूर असलेल्या ओळी काढून देणारी ही संगणकाची आज्ञा. तिचं मदतपान मराठीत करतोय. गडहिंग्लजचा एक पोरगा म्हणाला, "हुडका म्हणा की सरळ." कानडी 'हुडुकु'चं हे भावंड आपल्या तोंडात बसलेलं आहे. चालेल?

— गोड आहे, पण चावी सापडल्यावर कोण पुढं हुडकत बसतं? ग्रेप शेवटच्या ओळीपर्यंत जातं, जुळेल ती प्रत्येक ओळ दाखवतं. केन थॉम्प्सन यांचं हे काम १९७३ साली युनिक्स या संगणक-प्रणालीत आलं. नाव पडलं 'एड' या मजकूर लिहायच्या-सुधारायच्या प्रोग्रॅममधल्या 'जी, आरई, पी' या आज्ञेवरून: सगळीकडे बघ, साच्यात बसेल ती ओळ छाप. तेव्हा छापणं खरंच टेलिटाइप या टंकयंत्राच्या कागदावर व्हायचं. मी 'निवडणे' म्हणेन. भाजी निवडताना हवं ते ठेवतो, तांदूळ निवडताना नको ते खडे काढतो. ग्रेपला 'व्ही'चा पर्याय लावला की जुळणाऱ्या ओळी गळून बाकीच्या उरतात. ते तांदूळ निवडणंच!

— ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशानं २००३ साली 'ग्रेप' नाम आणि क्रियापद म्हणून घेतलं. आपण 'ग्रेपणे' म्हणून मोकळे होऊ.

— नको वो, कानाला कसंतरी लागतं. 'निवडा' मेनूत सिलेक्टसाठी आधीच अडकलंय. हुडकाच ठेवा. आणि रेग्युलर एक्स्प्रेशनला, म्हणजे त्या 'आरई'ला, 'नियमित अभिव्यक्ती' तेवढं करू नका, वर आलाय तो 'साचा' पुरे. उदाहरण घरचंच द्या. 'कोल्हापूर' हुडकलं तर 'कोल्हापुरात', 'कोल्हापुरी' निसटतात, कारण तिथं 'पू'चा 'पु' झालेला असतो. 'कोल्हाप.र' असा साचा द्या. टिंब म्हणजे कुठलंही एक चिन्ह, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, उकार हे स्वतंत्र चिन्ह असतं. दोन्ही रूपं येतात.

— टिंब लावून बघितलं. चपलांच्या यादीतल्या सगळ्या 'कोल्हापुरी' आल्या, शिवाय आम्हीच चुकून लिहिलेल्या सात 'कोल्हापूरी'पण. पोरगा 'निवडा' ऐकून म्हणाला, "भाजी निवडायला आलोय व्हय?" तेव्हा पानावर 'ओळी हुडका' टाकतोय. 'व्ही'पुढं मात्र 'निवडून टाका' लिहिलंय, तांदळाचे खडे डोक्यातनं जाईनात.