मदत हवी आहे: डीसीत गाडी चोरीला गेली, एका चोरीला दोन सरकारी वकील कसे काय?

नमस्कार मंडळी, वॉशिंग्टन डीसीतलं कोणी आहे का इथे, किंवा तिथल्या कोर्टाची माहिती असलेलं?

मागच्या महिन्यात घराखालून आमची गाडी चोरीला गेली, तीन दिवसांनी पोलिसांना सापडली आणि आत बसलेली दोन पोरंही सापडली, एक १९ वर्षांचा आणि दुसरा अजून अठराचा नाही म्हणे. इथपर्यंत ठीक. पण काल साक्षीसाठी समन्स आलंय आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध अमुक'. माझी टरकलीच, गाडी आमची गेली आणि केस अख्ख्या अमेरिकेने कशाला घातली? मी एच-वनवर आहे म्हणून जास्तच धडधड. त्यात लहान पोराचं काय झालं विचारलं तर कळलं की त्याची केस वेगळ्या ऑफिसकडे आहे. बायको सिटिझन आहे, ती म्हणते मी ॲटर्नी जनरलला मत दिलंय, तोच बघत असेल ना सगळं?

तर केस नक्की कोणाकडे, विचारायचं कोणाला आणि व्हिसाचं टेन्शन घ्यायचं का? जाणकारांनी प्लीज सांगा.

पोटोमॅककाठी:
आधी घाबरणं बंद करा, तुमची गाडी गेलीये, तुम्ही आरोपी नाही. साक्ष देऊन यायची, व्हिसाला काय होणार त्यात.

कोर्ट डीसीचं सुपीरियर कोर्टच आहे, फेडरल नाही. पण डीसी हे राज्य नसल्यामुळे इथे सज्ञान माणसाने गुन्हा केला, अगदी गाडीचोरी केली तरी खटला यूएस ॲटर्नी चालवतो, आणि त्याला नेमतो प्रेसिडेंट, सिनेटच्या मंजुरीने. म्हणून कागदावर 'युनायटेड स्टेट्स'. वहिनींनी मत दिलं तो ॲटर्नी जनरल खराच आहे, पण त्याच्याकडे मुख्यतः अल्पवयीन मुलांच्या केसेस आणि मोठ्यांचे ट्रॅफिकसारखे किरकोळ गुन्हे. तोही निवडून यायला लागला २०१४ पासून, आधी मेयर नेमायचे. म्हणजे तुमच्या १९वाल्याला प्रेसिडेंटचा वकील आणि धाकट्याला तुम्ही निवडलेला, गाडी एकच 😄

दिल्लीत राहिलेली:
अगं बाई, हे तर दिल्लीच्या उलटं झालं! तिकडे पोलीस केंद्राचे, इथे पोलीस मेयरचे आणि वकील केंद्राचा.

पोटोमॅककाठी:
हो, आणि पोलीसही कायम मेयरचेच राहतील असं नाही, ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्पने होम रूल कायद्यातलं कलम ७४० वापरून ३० दिवस आपल्याकडे घेतले होते. त्याच १९७३ च्या कायद्याने शहराला मेयर आणि कौन्सिल मिळालं, पण सरकारी वकील आणि कोर्टं काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) सोडली नाहीत, जज पण प्रेसिडेंटच नेमतो. २००२ मध्ये लोकांनी आम्हाला आमचा वकील द्या म्हणून मतही दिलं, पण ते नुसतं सल्ला देणारं मतदान, पुढे काही नाही.

याचा त्रास कुठे होतो तर पोलिसांनी पकडलं आणि वकिलाने चार्जच लावला नाही (इथे त्याला 'नो पेपर' म्हणतात) तर जाब विचारायला मतदाराकडे माणूस नाही. २०२२ च्या आर्थिक वर्षात अटक झालेल्यांपैकी जवळपास ६७ टक्के जणांवर यूएस ॲटर्नीने लगेच चार्ज लावलेच नव्हते, नंतर प्रमाण सुधारलं. तेव्हा लोक मेयरवर ओरडत होते, जिच्या हातात ते नाहीच. माझ्या मते यातला निम्मा राग चुकीच्या दारावर जातो.

तुमचं काम सोपं आहे. समन्सवरचा केस नंबर घेऊन यूएस ॲटर्नीच्या ऑफिसमधल्या व्हिक्टिम-विटनेसवाल्यांना फोन करा. धाकट्यासाठी ॲटर्नी जनरलचं ऑफिस, पण मुलांच्या केसेस गुप्त असतात, फार काही सांगणार नाहीत. कोर्टाची बिल्डिंग मात्र दोन्ही केसेसना एकच, ज्युडिशियरी स्क्वेअर मेट्रोजवळ.

धागाकर्ता:
खूप धन्यवाद, जीव भांड्यात पडला. बायकोला सांगितलं तुझं मत फक्त धाकट्याला लागू, तर ती चिडलीये. अजून एक, गाडीत सीटखाली फोनचा चार्जर सापडलाय जो आमचा नाही, तो पुरावा धरायचा का?

पोटोमॅककाठी:
वापरला नसेल तर हात लावू नका, उद्या फोन कराल तेव्हा तेही सांगा.

धागाकर्ता:
आठवडाभर वापरतोय 🙈